कुठले महिने ते लिही

पुजुंगसारी,
मंगळवार, ९ एप्रिल १९९६

माडे,

हे पत्र मी मेमेच्या हुकमावरून लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायचा नाही. आज सकाळी देवापुढे फुलं ठेवून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला पोरी दोन. एकीकडची बातमी दुसरीला कळवायची तर मला लिहिता येत नाही, आणि जिला लिहिता येतं ती लोकांच्या पोरांना लिहायला शिकवते."

मी म्हटलं, "मेमे, माडे सुराबायाच्या दवाखान्यात सुईण आहे. तिला असल्या बातम्या दिवसातून दहा मिळतात."

"घरची मिळत नाही," ती म्हणाली.

तर घरची बातमी. पुतुच्या बायकोला, कोमांगला, दिवस गेलेत. पुतु म्हणजे माझा मुलगा; तू गेलीस तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि आरशासमोरून हलत नव्हता. आता किनाऱ्यावरच्या हॉटेलात काम करतो, शनिवारी घरी येतो आणि आरशाकडे बघतही नाही. लग्नात मिळालेलं हे पहिलं शहाणपण.

मेमेच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर पोचतात. पाकिटावर तिचं नाव, आत चिठ्ठी नाही. पोस्टमन परवा म्हणाला, "बाई, तुमची बहीण फार कमी बोलते हो." मी म्हटलं, आमच्या घरात बोलायचं काम एकीनंच करायचं, असं ठरलंय.

न्योमान ठीक आहे. आपल्या घरात मुलगा नव्हता म्हणून लग्न करून तो इकडे राहायला आला, त्याला आता पंचवीस वर्षं झाली, अजून भात वाढून घेताना विचारतो, "घेऊ का?" नवरा म्हणून काही बिघडत नाही, पाहुणा म्हणून फार उत्तम आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कोमांगची तब्येत चांगली आहे. मेमे म्हणते, चार महिने होऊन गेले. उपकेंद्रातल्या बाई म्हणतात, पाच. मी मधे पडले नाही.

वायान सुदार्मी


बुधवार, २४ एप्रिल १९९६

माडे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षं सात महिन्यांनंतर दोन शब्द: "किती आठवडे?"

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, निदान प्रश्न तरी आहे. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देण्याचा मला पगार मिळतो.

काल मंगळवारी चोवीस पूर्ण झाले. हे सांगायला मला किती खटाटोप करावा लागला ते ऐक. कोमांगला शेवटच्या पाळीची तारीख आठवत होती, सात नोव्हेंबर, मंगळवार. सांगायची लाज वाटत होती. स्वयंपाकघरातलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर मेमेनं तांदळाच्या डब्याखाली अंथरलं होतं. ते काढलं, झटकलं, आणि त्या दिवसापासून दर मंगळवारी तांबड्या पेन्सिलीनं आकडा घालत आले. आता चालू कॅलेंडरवर शेवटचा आकडा चोवीस आहे. खाली जागा मोकळी आहे. मेमे येता-जाता त्याकडे बघते आणि म्हणते, "कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं काय केलंस?"

मग घरात वाद पेटला. मेमे म्हणते, बाई आठ महिने वाहते. उपकेंद्रातल्या बाई म्हणतात, नऊ. मी चौथीच्या गणिताचं पुस्तक उघडलं. त्यात छापलंय, एक महिना म्हणजे चार आठवडे. तुझे चाळीस आठवडे भागिले चार: दहा. एकच मूल, एकाच पोटातून, आठ, नऊ आणि दहा महिन्यांनी बाहेर येणार.

"तुझ्या पुस्तकाला मूल झालंय का कधी?" मेमेनं विचारलं.

मी वहीत मांडून पाहिलं. मेमेचा महिना आपल्या पंचांगातला, पस्तीस दिवसांचा, म्हणजे पाच आठवड्यांचा, तिच्या आईचाही तसाच होता. पाच आठ्ठे चाळीस. तिचा हिशेब तुझ्या दवाखान्याशी तंतोतंत जुळतो. जुळत नाही ते माझं पुस्तक. मी वही मिटली आणि तिला काही सांगितलं नाही. हे तूही सांगू नकोस. या घरात राहायचं मला आहे.

पुस्तकावरून आठवलं. मागच्या आठवड्यात तपासणीसाहेब आले होते. देनपासारहून, कडक इस्त्री. चौथीत शिरले आणि पुढच्या बाकावरच्या सेरिनीला विचारलं, "एका महिन्यात आठवडे किती?"

सेरिनी उभी राहिली. "कुठल्या महिन्यात, सर?"

"कुठल्या म्हणजे? महिने किती प्रकारचे असतात?"

विचारायला नको होतं. मागून एक म्हणाला, "चंद्राचा." दुसरा म्हणाला, "आजीचा." तिसरा म्हणाला, "पगाराचा, सर, तो सगळ्यात लांब." साहेब माझ्याकडे वळले. मी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी फळ्यावर स्वतः लिहिलं, एक महिना म्हणजे चार आठवडे, एक वर्ष म्हणजे बारा महिने, आणि अभिमानानं विचारलं, "तर वर्षात आठवडे किती?"

"अठ्ठेचाळीस," सगळा वर्ग.

"बावन्न," साहेब म्हणाले.

सेरिनीनं शांतपणे विचारलं, "मग चार कुठे गेले, सर?"

"सुट्टीत," मागचा म्हणाला.

शेऱ्यात लिहून गेलेत: "वर्गाचं गणित कच्चं. शिक्षिका हसतमुख."

कोमांगला कच्चे आंबे खावेसे वाटतात. चालेल का, तेवढं कळव. दोनपेक्षा जास्त शब्द आले तरी मी पोस्टाकडे तक्रार करणार नाही.

सुदार्मी


बुधवार, ३ जुलै १९९६

माडे,

तुझी चारही पत्रं सांभाळून ठेवली आहेत. लोह, झोप, पायाची सूज, आंबे दिवसाला एकच. आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तोच प्रश्न, किती आठवडे. मेमेला वाचून दाखवते. ती शेवटी विचारते, "माझ्याबद्दल काय लिहिलंय?" मी म्हणते, "तुझी आठवण काढते." हे तू लिहिलेलं नसतं. मी घालते. आता खरंच लिही, म्हणजे माझं खोटं बोलणं तरी थांबेल.

काल एक प्रकार झाला. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणूनच मजेत लिहिते आहे.

सकाळी दहाच्या सुमारास कोमांगच्या पोटात कळा येऊ लागल्या. मेमे, मी, न्योमान, तिघं तिला घेऊन उपकेंद्रात गेलो. बाईंनी विचारलं, "किती महिने?"

"सात," मेमे म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. "सातच? मग हे फारच लवकर आहे. इथे जमायचं नाही. देनपासारला न्या, गाडी बोलवा."

न्योमान गाडीसाठी धावला. त्याला धावताना मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. चपला हातात घेऊन धावतो. कोमांग रडायला लागली. आणि मला स्वयंपाकघरातली तांबडी पेन्सिल दिसली.

मी म्हटलं, "बाई, आज चौतीस आठवडे झाले."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीनं."

"कुठे असते ती?"

"सुराबायात."

"तिनं तपासलंय हिला?"

"नाही," मी म्हटलं. "तिनं विचारलंय."

बाईंनी सात महिने म्हणजे तीस आठवडे धरले होते. तीस आणि चौतीस यांत काय फरक असतो ते तुला सांगायला नको. त्या शांत झाल्या, हात धुतले, नीट तपासलं. कळा खऱ्या नव्हत्या. दुपारपर्यंत थांबल्या. तोवर न्योमान भाताची पोती वाहणारा ट्रक घेऊन हजर झाला होता आणि त्याला रिकामा परत पाठवताना फार हिरमुसला.

घरी येताना मेमे म्हणाली, "चौतीस म्हणजे सातच की."

"एक आठवडा कमी, मेमे."

"एका आठवड्यासाठी माणसाला ट्रकात घालतात होय?"

मी हसले. पण माडे, घरी येऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले तेव्हा हसू आलं नाही. त्या भिंतीवर तू आहेस. एप्रिलपासून दर मंगळवारी मी तुला तिथे लिहिते आहे आणि मला वाटत होतं, मी आकडे घालते.

एकदा या घरात कोणीतरी महिने म्हटलं होतं आणि आठवडे सांगायला कोणी नव्हतं. त्याबद्दल पुढे कधीतरी.

तुझी,
सुदार्मी


बुधवार, १४ ऑगस्ट १९९६

माडे,

कालची तार मिळाली असेल: "मुलगी. दोघी ठीक. चाळीस."

तारबाबूनं विचारलं, "चाळीस काय?" मी म्हटलं, "घेणारीला कळेल." तो म्हणाला, "बाई, असल्या अर्धवट तारांनी घोटाळे होतात." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गपचूप शिक्का मारला. तो नवीन आहे. त्याला काही माहीत नाही.

मूल काल सकाळी सात वाजता झालं. मंगळवार, शेवटच्या तांबड्या आकड्यावर. दोनशे ऐंशी दिवस, तुमचे चाळीस आठवडे, मेमेचे आठ महिने, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मेमेनं बाळाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी माझ्याकडे बघितलं. "मी काय म्हटलं होतं?"

काल दिवसभर गावात फिरून आली. एकूण अकरा घरी सांगितलं, "नातसून बरोबर आठव्याला मोकळी केली," जणू तिनंच केली. मी तिला म्हटलं, माडेही चाळीस आठवडेच म्हणत होती. तर म्हणाली, "शिकली कुणाकडून?"

बाळाचं नाक आपल्या बापांचं आहे. सांगायचं नव्हतं, पण आहे. बापा गेले तेव्हा पुतुला मिसरूड फुटत होतं, कोमांग या गावात आलीही नव्हती. हे नाक कुठून वाट काढत आलं कोण जाणे.

आता विधी होईपर्यंत तिला जमिनीवर ठेवायचं नाही, त्यामुळे घरातले सगळे हात गुंतलेत. न्योमान तिला धरतो तेव्हा श्वास घेत नाही. मी शाळेतून येईपर्यंत मेमे. मेमे पान लावते तेव्हा पुतु, तो शनिवारी असला तर. एक हात कमी पडतो आहे.

तुझी,
सुदार्मी


बुधवार, २५ सप्टेंबर १९९६

माडे,

तू लिहिलं होतंस, सहा आठवडे झाले की कोमांगला तपासून घ्या. मी सोमवारी मेमेला म्हटलं, "उद्या उपकेंद्रात जायचं आहे, सहा आठवडे होतात."

"उद्या कसं? उद्या बाळाचं एक महिना सात दिवस आहे. पुजारी येणार, कोमांगचं सुतक फिटणार."

मी बोटं मोजली. मग पाटी घेतली. पस्तीस आणि सात, बेचाळीस. सहा सत्ते, बेचाळीस. मेमेला पाटी दाखवली. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण दोन ओळींच्या शेवटी सारखीच चित्रं आहेत हे तिला दिसलं. पाटी मला परत दिली. म्हणाली, "एवढा मोठा दवाखाना. शेवटी आमच्यावरच येऊन थांबला."

तर काल सकाळी उपकेंद्र, दुपारी पुजारी. दोघांनी कोमांगला ठीक ठरवलं. पुजाऱ्यांनी पाणी शिंपडलं, बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवायला दोघं शेजारी बसले आणि दोघांनी दुसऱ्यांदा खोबरं-खिम्याचा लावार मागून घेतला, तेव्हा धर्म आणि विज्ञान यांत मला तरी काही भांडण दिसलं नाही.

आता दुसरा हिशेब. तो मी काल रिकाम्या वर्गात बसून केला. तू या घरातून गेलीस तो मंगळवार होता, सव्वीस सप्टेंबर एकोणनव्वद. काल मंगळवार होता. मधे तीनशे पासष्ट आठवडे गेले, बरोबर. वर्षात दिवस असतात तितके आठवडे. मुलांना हे शिकवताना मी म्हणते, बघा किती सुंदर आकडा आहे.

माडे, बापांना आपल्या रीतीनं आधी पुरलं होतं, आणि दहनाचा दिवस पुजाऱ्यांनी काढला तेव्हा तार मी केली. "दहन दोन महिन्यांनी. ये." तारीख घातली नाही. दर वर्षी चौथीला मी बजावते, आकड्यापुढे एकक लिहा, नुसत्या आकड्याला शून्य गुण. मी स्वतःच्या बापाच्या दहनाला एकक लिहिलं नाही.

मी काय विचार केला होता ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मी ओरडत होते. मी विचार केला, माडे शहरात राहते, दवाखान्यात काम करते, तिला शहराचेच महिने कळतील. तिच्या महिन्यांत लिहावं. म्हणून बासष्ट दिवसांना मी दोन महिने म्हटलं. आणि तू सुराबायात बसून विचार केलास, घरची तार आहे, घरात महिना पस्तीसचा. तू सत्तर मोजलेस. सत्तराव्याच्या आदल्या दिवशी, पांढरं कापड घडी करून, तीन दिवसांची रजा घेऊन बसमधून उतरलीस. अस्थी समुद्रात सोडून सात दिवस झाले होते.

मी तुझ्या महिन्यांत लिहिलं, तू माझ्या महिन्यांत वाचलंस. दोघींनी एकमेकींचा मान ठेवला, त्यापेक्षा भांडून लिहिलं असतं तर बापांना तू भेटली असतीस.

आणि मग दारात, तुझ्या हातात ते कापड असताना, सगळ्या गल्लीसमोर मी म्हणाले, "शहरात राहून शहरी महिना मोजता येत नाही? हिशेब तुला कधीच येत नव्हता." हे मी म्हणाले. सात वर्षं मी लोकांना सांगत आले की तू रागीट आहेस. तू रागीट नाहीस. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं गेलीस आणि तिसऱ्या महिन्यापासून मेमेच्या गोळ्या यायला लागल्या. रागीट मी आहे. मला फक्त चांगलं बोलता येतं म्हणून कळत नाही.

इतकंच. पुन्हा या विषयावर लिहिणार नाही, कारण हे पान मी तीनदा फाडलं आहे आणि वह्या शाळेच्या आहेत.

बाळाचा तीन महिन्यांचा विधी करायचा आहे. तेव्हा तिचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचे. मेमे म्हणते, पाय मी लावणार. पण तिचे हात आता थरथरतात, खालून कोणीतरी धरायला हवं. मला धरू देत नाही. म्हणते, "तुझी जीभ चालते तेवढी पुरे, हात धाकटीचे चांगले. सुईण आहे ती."

तेव्हा, तीन महिन्यांनी ये.

तुझी,
सुदार्मी

ता. क. बाळाचा जन्म तेरा ऑगस्टचा. हे तुला माहीत आहेच, उगाच लिहिलं.


रविवार, १ डिसेंबर १९९६

माडे,

तू जाऊन चार दिवस झाले. घर इतकं शांत आहे की न्योमान दोनदा बोलला.

तुला एक कबुली द्यायची आहे. तू इथे होतीस तेव्हा देता आली असती, पण तू इथे होतीस.

शेवटच्या पत्रात मी "तीन महिन्यांनी ये" लिहिलं ते जाणूनबुजून. विधीचे तीन महिने मेमेचे, पाचा-पाचाचे, पंधरा आठवडे. म्हणजे सव्वीस नोव्हेंबर. शहराचे तीन महिने तेरा नोव्हेंबरला भरतात. मी तारीख लिहिली असती, तर तू पंचवीसला आली असतीस, पाय लावले असतेस, आणि सत्तावीसच्या बसला बसली असतीस. तुझी रजा मला ठाऊक आहे. मी मनाशी म्हटलं, मागच्या वेळी ती घरच्या महिन्यांनी मोजायला गेली आणि मी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. या वेळी ती शहरी मोजणार. तेरा दिवस आधी येईल, चिडेल, पण येऊन पडल्यावर परत कशी जाईल?

म्हणून बारा तारखेला, मंगळवारी, तू दारात पिशवी घेऊन उभी राहिलीस तेव्हा मी केवढं मोठं आश्चर्य दाखवलं, आठवतं? "अगं, आज कशी? मी तारीख लिहिली नव्हती का?" ते आश्चर्य मी शाळेच्या नाटकात शिकवते तसलं होतं. तुझी चटई दोन दिवसांपासून उन्हात होती. कोपऱ्यातली खाट पुतुनं शनिवारीच नीट करून ठेवली होती. न्योमान तर तुला बघून म्हणणारच होता, "अरे वा, ठरल्याप्रमाणे आलीस." त्याच्या पायावर मी पाय दिला, म्हणून तो तुला बघून विव्हळला, आनंदानं नव्हे.

तू पिशवी खाली टाकलीस आणि म्हणालीस, "सात वर्षांपूर्वी सात दिवस उशिरा, आता दोन आठवडे लवकर. या घरी वेळेवर यायचं तर पुजारी सोबत घेऊन निघायला हवं. एम्बोक, तुला एकक लिहायला कोण शिकवणार?"

एम्बोक म्हणालीस. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मी स्वयंपाकघरात गेले ते कॉफी करायला नव्हे. कॉफी आधीच तयार होती.

मग ते पंधरा दिवस. ते तुला काय सांगायचे, तू होतीसच. पण तुला न दिसलेलं एक सांगते. त्या शनिवारी आपण दोघी समुद्रावर गेलो, बापांसाठी फुलं सोडली. परतताना बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. सात वर्षांत मी तुला सांगायचं म्हणून जे जे पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं जिभेवर आलेलं. पण बोलले असते तर खांदा हलला असता. सव्वा तास मी गप्प बसले. मेमेला सांगितलं तर विश्वास ठेवत नाही.

आणि सव्वीस तारीख. मेमेचे हात वर, तुझे खाली, मधे ते पाय. बाळानं जमीन जवळ आलेली बघून दोन्ही पाय पोटाशी घेतले. पुजारी मंत्र म्हणून थांबले, सगळी गल्ली थांबली. मेमे म्हणाली, "उतर ग बाई, कुणाची वाट बघतेस?" तू नुसता अंगठा तिच्या तळव्यावरून फिरवलास, आणि तिनं एक पाय सोडला. मग दुसरा. मातीला लागताच तोंड असं केलं, जणू एवढ्यासाठी पंधरा आठवडे थांबवलंत.

इथपर्यंत पत्र सकाळी लिहून झालं होतं. मोठ्या समाधानात होते मी. वाटलं, आयुष्यात एक तरी महिना मी बरोबर चुकवला.

मग दुपारी मेमेनं पानाचा डबा उघडला. चुन्याची पुडी सोडली. तुझ्या दवाखान्याचा कागद, खाली निळ्या कार्बनची अक्षरं. मी म्हटलं, "हा कुठून आणलास?"

"माडेच्या पिशवीत होता. ती म्हणाली, घे, काम झालंय त्याचं."

चुना झटकून वाचला. रजेचा अर्ज. रजा: बारा ते सत्तावीस नोव्हेंबर. कारण: घरी विधी, सव्वीस नोव्हेंबर.

आणि अर्जाची तारीख एकोणीस ऑगस्ट.

एकोणीस ऑगस्ट, माडे. बाळ सहा दिवसांचं होतं. माझी तार नुकती मिळाली असेल, चाळीस असं लिहिलेली. मी बोलावलं नव्हतं. त्या पानाचा विचारही माझ्या मनात नव्हता, जे मी पुढे तीनदा फाडलं. तू एकटीनं बसून पंधरा आठवडे मोजलेस, सव्वीस तारीख काढलीस, त्याआधी दोन आठवडे जोडलेस, आणि सही केलीस.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्या बेटावर जन्मलेली कुठली बाई बाळाच्या तीन महिन्यांचा हिशेब चुकेल? आणि ती सुईण? मी आपली तीन आठवडे कावेबाज म्हणून मिरवत होते, आणि तू दारात पिशवी टाकून, चिडल्याचं सोंग करून, मला एकक शिकवत होतीस. तुझं सोंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. शाळेच्या नाटकाला तुलाच बोलवायला हवं.

मेमेला मी कागद वाचून दाखवला. तिनं पान लावणं थांबवलं नाही. "मला माहीत होतं."

"तुला कसं?"

"आल्या दिवशी तिनं मला विचारलं, मेमे, सव्वीसला नेसायला तुझं पिवळं सारोंग देशील का."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढं नाटक बसवलं होतंस," ती म्हणाली. "दोघींचं चांगलं चाललं होतं."

तेव्हा आता लेखी देते, खाली सही करून, हवं तर दवाखान्याचा शिक्का मारून घे: हिशेब तुला येत नाही असं मी एकोणनव्वदच्या सप्टेंबरात जे म्हणाले, ते चूक होतं. हिशेब तुलाच येतो. मला नुसता शिकवता येतो.

कागद परत चुन्याला दिला नाही. कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलाय.

आता पुढचं. बाळाचा पहिला वाढदिवस आपल्या पंचांगानं सहा महिन्यांनीच येतो. शहरी मोजलेस तर तेरा फेब्रुवारी. मेमेचे मोजलेस तर अकरा मार्च. मधे सव्वीस दिवस पडतात आणि त्यात गालुंगानचा सण येतो. सणाला पितर घरी येतात. बापाही येतील, त्यांना तारीख लिहावी लागत नाही.

तर ये. सहा महिन्यांनी. कुठले सहा, ते मी मुद्दाम लिहीत नाही. रजेचा अर्ज तू केलेला असशीलच.

तुझी,
एम्बोक